वाइल्ड हंट : रात्रीच्या त्या शिकारीत नेमकं कोण असतं?

उत्तररात्र

वाइल्ड हंट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. हिवाळ्यातली वादळी रात्र, आठ पायांच्या घोड्यावर नॉर्स देवांचा राजा ओडिन, मागे मेलेल्या योद्ध्यांची फौज आणि भुंकणारी कुत्री. हे चित्र फार प्राचीन वाटतं, पण ते जुळवलं याकोब ग्रिमने, १८३५ साली, जर्मन पुराणकथांवरच्या आपल्या ग्रंथात. गावोगावच्या दंतकथा म्हणजे एकाच हरवलेल्या धर्माचे तुकडे आहेत असं त्याने धरलं आणि सगळ्यांच्या पुढे वोडानला, म्हणजे ओडिनच्या जर्मन रूपाला, बसवलं. अकराव्या-बाराव्या शतकातल्या सर्वात जुन्या सविस्तर नोंदी वाचल्या तर तिथे हा नेता भेटतच नाही.

माझ्या मते ग्रिमने तीन वेगळ्या गोष्टींची मोट बांधली. पहिली, पापं फेडत भटकणाऱ्या मेलेल्यांची फौज. तिच्यात शिकार नसते. दुसरी, शापित शिकाऱ्याची : एकच माणूस, त्याची कुत्री आणि कयामतपर्यंत न संपणारा पाठलाग. तिसरी, देवीसारख्या एका बाईच्या मागे रात्री घरोघर फिरणाऱ्या बायकांची. तिच्यात भीतीपेक्षा बरकतीची आशा जास्त आहे. या तिन्हींचे नियम वेगळे, वाचण्याचे उपाय वेगळे. ज्यांना यावर कथा लिहायची आहे किंवा गेममधल्या गोष्टीचं मूळ शोधायचं आहे, त्यांनी आधी ही गाठ सोडवावी.

सुरुवात फौजेपासून करतो, कारण तिची सर्वात तपशीलवार नोंद नॉर्मंडीत आहे. सेंत-एव्रूल मठातला साधू ऑर्डेरिक व्हिटालिस लिहितो की १०९१ च्या १ जानेवारीच्या रात्री बोनव्हालचा पाद्री वॉल्केलिन एका आजारी माणसाला भेटून परतत होता. मोठी फौज येत असल्याचा आवाज आला. बेलेमचा रॉबर्ट कूर्सीच्या वेढ्याला निघाला असेल असं समजून तो मेडलरच्या चार झाडांकडे लपायला वळला. तेवढ्यात गदा घेतलेल्या एका धिप्पाड माणसाने त्याला जागच्या जागी थांबवलं आणि मिरवणूक समोरून जाऊ लागली.

आधी पायी चालणारे, मानेवर-खांद्यावर मेंढ्या, कपडे, भांडीकुंडी, म्हणजे लुटीचा माल लादलेले. मग सुमारे पन्नास तिरड्या, प्रत्येक तिरडी दोघांच्या खांद्यावर. मग घोड्यांवर बायका : खोगिरांत तापलेले खिळे, वारा त्यांना हातभर वर उचलतो आणि परत त्या खिळ्यांवर आपटतो. त्यांच्यामागे पाद्री आणि साधू, आणि शेवटी काळे घोडेस्वार. वॉल्केलिनने ओळखलं की ही हेलेकिनची मंडळी, म्हणजे मेलेल्यांची ती भटकी फौज. ऐकून होता, विश्वास नव्हता. उद्या लोकांना पुरावा दाखवावा म्हणून त्याने एक रिकामा घोडा धरायचा प्रयत्न केला. रिकिबीत पाय घातला तर तळव्याला आगीसारखा चटका बसला, आणि लगाम धरलेल्या हातातून थेट काळजापर्यंत गारठा शिरला.

या मिरवणुकीत प्रत्येकाची शिक्षा त्याच्या गुन्ह्यातून निघालेली आहे. ग्लोसच्या विल्यमने सावकारीत एका गरिबाची गिरणी गहाण ठेवून घेतली आणि परत केली नाही, म्हणून गिरणीचा तापलेला लोखंडी दांडा त्याच्या तोंडात आहे. वॉल्केलिनचा मेलेला भाऊ रॉबर्टही तिथे भेटतो. त्याच्या टाचांना आगीचे गोळे चिकटलेले, कारण जिवंतपणी रक्तपात करायला धावताना तो घोड्याला धारदार काटेरी टाचा मारायचा. भावाने प्रार्थना केल्या तर आपली सुटका होईल असं तो सांगतो. हे सगळं म्हणजे चालतं-फिरतं शुद्धिस्थान (मेल्यावर पापं फेडून शुद्ध होण्याची जागा) आहे. कुत्री नाहीत, सावज नाही, शिंग नाही.

करवंदीची_जाळी

उत्तम सुरुवात. शिंगं आणि कुत्री कुठून आली त्यासाठी इंग्लंडमधली ११२७ ची पीटरबरो मठातली नोंद महत्त्वाची आहे. राजा पहिल्या हेन्रीने आपल्याच नात्यातल्या पॉइतूच्या हेन्रीला तिथला मठाधिपती नेमलं. त्याच्याकडे फ्रान्समधला एक मठ आधीच होता. तो आला आणि लगेच लोकांना रात्री शिकारी दिसू लागले : काळे, प्रचंड, ओंगळ, काळ्या घोड्यांवर आणि काळ्या बोकडांवर बसलेले. त्यांची कुत्रीही काळी, मोठ्या डोळ्यांची. पीटरबरोच्या हरणांच्या राखीव रानात आणि तिथून स्टॅमफर्डपर्यंतच्या सगळ्या जंगलांत ते दिसले. शिंग फुंकणारे वीस-तीस असावेत असा पहारेकऱ्यांचा अंदाज. हा प्रकार थेट ईस्टरपर्यंत चालला.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, या शिकाऱ्यांचा नेता कोण ते लिहिलेलंच नाही. दुसरी, नोंद करणारा साधू या नेमणुकीवर भयंकर चिडलेला होता. पोळ्यात शिरलेल्या नरमाश्या जसा मध फस्त करतात तसा हा माणूस मठ फस्त करेल असं तो त्याच पानावर लिहितो. भुतांची शिकार ही इथे राजकीय तक्रार आहे. ११३२ साली हेन्रीला मठ सोडावा लागला.

काळही बघा. ही नोंद फेब्रुवारीपासून ईस्टरपर्यंतची आहे, नाताळातली नाही. ‘वाइल्ड हंट म्हणजे नाताळच्या बारा रात्री’ हे समीकरण नंतरच्या जर्मन आणि स्कँडिनेव्हियन दंतकथांतून घट्ट झालं.

खडीसाखर

मग हर्ला राजाचं काय? तो तर सगळीकडे ‘पहिला’ म्हणून सांगितला जातो.

उत्तररात्र

हर्ला बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वॉल्टर मॅपच्या लॅटिन किश्शांच्या संग्रहातला. म्हणजे ऑर्डेरिकनंतरचा. पण कथा म्हणून घडण अप्रतिम आहे.

बोकडावर बसलेला एक बुटका राजा हर्लाकडे येतो आणि करार करतो : मी तुझ्या लग्नाला येईन, वर्षभराने तू माझ्या लग्नाला यायचं. तो येतो, आपल्या नोकरांकडून सगळी मेजवानी वाढून घेतो, हर्लाच्या स्वयंपाक्यांना हातही लावू देत नाही. वर्षाने हर्ला कड्यातल्या गुहेतून त्याच्या राज्यात जातो. तीन दिवसांनी निघताना भेटी मिळतात : घोडे, ससाणे, आणि कडेवर घेता येईल असं एक लहान शिकारी कुत्रं. अट अशी की हे कुत्रं स्वतः खाली उडी मारेपर्यंत कोणीही घोड्यावरून उतरायचं नाही. बाहेर एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. त्याला राजाची भाषा जेमतेम कळते, कारण तो सॅक्सन आणि राजा ब्रिटन. तीन दिवस वाटले ती दोनशेहून जास्त वर्षं होती. काहीजण उतरले आणि त्यांची माती झाली. कुत्रं अजून उतरलेलं नाही, म्हणून हर्ला अजून फिरतोच आहे. मॅप पुढे सांगतो की दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षी ही मंडळी वाय नदीत शिरताना दिसली आणि तेव्हापासून दिसेनाशी झाली. दुसरा हेन्री गादीवर आला ११५४ च्या डिसेंबरात. मॅप त्याच्याच दरबारातला. आमचा दरबार सारखा गावोगाव भटकतो, हर्लाचा शाप आता आम्हाला लागलाय, असा टोला त्यामागे आहे.

इथे मात्र पाप नाही आणि शिक्षाही नाही. हर्लाने काही वाईट केलेलं नाही. करार पाळल्याची ही किंमत आहे, आणि म्हणून ही कथा मला ऑर्डेरिकच्या मिरवणुकीपेक्षा जास्त भीतिदायक वाटते.

रानपाखरू७

दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे शापित शिकाऱ्याबद्दल लिहितो. याचा नमुना म्हणजे जर्मनीतल्या हार्त्स आणि सोलिंग भागातला हान्स फॉन हाकेलबर्ग. एका रानडुकराच्या हातून आपण मरणार असं त्याला स्वप्न पडतं. शिकारीत तो डुक्कर मारतो, मेलेल्या डुकराला लाथ मारून हिणवतो, सुळा बुटातून पायात घुसतो आणि त्या जखमेने तो मरतो. मरताना स्वर्ग नको, कयामतपर्यंत शिकार हवी असं मागतो. मिळतेही. त्याच्या पुढे घुबड उडतं. ते मूळची एक जोगीण, मठात बेसूर गाणारी.

या प्रकारातला गुन्हा जवळपास ठरलेला असतो : शिकारीच्या नादात धर्म मोडणं. बास्क प्रदेशातला मातेओ चिस्तू हा पाद्री मिस्सा (चर्चमधली उपासना) अर्धवट टाकून सशामागे धावला आणि आता कुत्र्यांना शीळ घालत फिरतो. बुर्गरच्या जर्मन पोवाड्यातला सरदार रविवारी चर्चच्या घंटा वाजत असताना उभ्या पिकातून घोडा घालतो. त्या पोवाड्याचं वॉल्टर स्कॉटने १७९६ मध्ये इंग्रजी केलं आणि सेझार फ्रँकने १८८२ मध्ये त्यावर वाद्यवृंदाची रचना केली. गोष्टीत शेतकऱ्याचं तुडवलेलं पीक वारंवार येतं. शिकारीचा हक्क सरदारांचा, नुकसान कुळांचं. ही दंतकथा शेतकऱ्यांनी जिवंत ठेवली यात नवल नाही.

सावज कोण तेही बघण्यासारखं आहे. थुरिंगिया, फ्रँकोनिया, फोग्टलांड या भागांत हा शिकारी हरणामागे नव्हे तर शेवाळाने माखलेल्या लहानखुऱ्या वनबायांच्या मागे असतो. त्यांना एकच आसरा : झाड पडता पडता लाकूडतोड्याने खोडावर कुऱ्हाडीने तीन क्रूस कोरलेले असतील तर त्या बुंध्यावर बसायचं. शिकारी तिथे हात लावू शकत नाही. क्रूस झाड पडण्याच्या आत कोरायचे, नंतर कोरून उपयोग नाही.

गवताळ

भेट झालीच तर काय करायचं, याचे नियम कोणीतरी एकत्र द्या. कथेसाठी हवेत.

रानपाखरू७

एकत्र दिले तर पुन्हा ग्रिमसारखं होईल, म्हणून प्रदेश सांगून देतो.

उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये रस्त्याच्या मधोमध राहायचं. शिकारी स्वतःच ओरडतो, ‘वाटेच्या मधे!’ तिथली एक गोष्ट अशी : दारू पिऊन परतणाऱ्या शेतकऱ्याकडे घोड्यावरचा वोड नावाचा शिकारी आकाशातून साखळी फेकतो, ‘ओढ, बघू कोण जिंकतं!’ शेतकरी साखळी झटकन ओकच्या झाडाला गुंडाळतो. वोड ओढून ओढून थकतो आणि खाली उतरायला लागला की शेतकरी साखळी पटकन सोडवून हातात धरतो. इथेच गोची आहे. साखळी झाडालाच राहिली तर लबाडी उघडी पडणार, त्यामुळे ती वेळेत सोडवणं हाच खरा पराक्रम. बक्षीस म्हणून हरणाचं रक्त आणि मागचा भाग मिळतो. रक्त न्यायला भांडं नसतं, म्हणून तो बूट काढतो. घरी पोचेपर्यंत बुटात सोनं झालेलं असतं.

उलट, शिकारीच्या आरोळीला गंमत म्हणून साद दिली तर वाटा मिळतोच : वरून घोड्याची तंगडी किंवा माणसाचा अवयव दारात पडतो. ‘शिकारीला मदत केलीस, आता चावायलाही लाग’ असा त्याचा अर्थ. जर्मन प्रदेशांत ही गोष्ट फार ठिकाणी सापडते.

नॉर्वेतल्या ओस्कुरेयाचं वेगळंच. तेलेमार्क आणि सेतेस्दाल भागात ही टोळी नाताळात घरात घुसते, पिंपातली बिअर पिऊन टाकते, तबेल्यातले घोडे पळवते आणि सकाळी ते घामाने निथळत उभे सापडतात. उपाय : दारांवर डांबराने क्रूस, तबेल्याच्या दारावर पोलादाची वस्तू, आणि उघड्यावर गाठ पडली तर हात क्रूसासारखे पसरून जमिनीवर पालथं पडायचं. पुढे गुरो रिसेरोव्हा नावाची बाई असते. ओडिन नाही.

करवंदीची_जाळी

यात फ्राउ गाउडेन घालायलाच हवी, मेक्लेनबुर्गचीच. तिला चोवीस मुली. शिकार स्वर्गापेक्षा बरी असं आईने आणि मुलींनी म्हटलं आणि मुलींची कुत्री झाली. चार गाडी ओढतात, बाकीच्या बाजूने भुंकत धावतात. नाताळच्या बारा रात्रींत ज्या घराचं दार उघडं राहील तिथे ती एक लहान कुत्रं आत सोडते. ते हाकलून जात नाही. मारलं तर दिवसा दगड होतं, रात्री पुन्हा कुत्रं होऊन वर्षभर विव्हळतं आणि घराला आजारपण आणतं. त्यामुळे उपाय एकच, अंधार पडायच्या आत दार लावणं. मात्र तिच्या गाडीचा मोडलेला भाग कोणी नीट करून दिला तर खाली पडलेल्या लाकडाच्या ढलप्यांचं सोनं होतं.

इथे दुसरा आणि तिसरा प्रकार एकमेकांत गेलेत. ती शिकारीण आहे, आणि घरोघर जाऊन शिस्त तपासणारी बाईही आहे.

शिलालेख

तिसऱ्या प्रकाराचा सर्वात जुना दुवा म्हणजे सुमारे ९०६ साली प्रुमच्या रेगिनोने नोंदवलेला चर्चचा नियम. काही बायका समजतात की आपण रात्री जनावरांवर बसून डायना देवीबरोबर लांब लांब फिरतो. हा भ्रम आहे असं पाद्र्यांनी लोकांना सांगावं. म्हणजे त्या काळी चर्चचं म्हणणं होतं की असं काही घडतच नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी मिलानमध्ये सिबिलिया आणि पिएरिना या दोन बायकांनी जबानी दिली की त्या एका ‘मॅडोना ओरिएंते’च्या मंडळीत जातात. तिथे जनावरं मारून खातात, हाडं कातड्यात ठेवतात, ती छडी लावते आणि जनावर उठून उभं राहतं. स्वच्छ घरांना ती आशीर्वाद देते. १३८४ मध्ये त्यांना प्रायश्चित्तावर सोडलं, १३९० मध्ये मृत्युदंड दिला. चर्चची भूमिका तोवर ‘भ्रम’वरून ‘गुन्हा’वर आली होती.

आल्प्समधला कोनराड श्टोएकलिन, ओबर्स्टडॉर्फचा घोडे राखणारा, याचा १५८७ मधला शेवटही असाच. रात्रीच्या मंडळीबरोबर फिरतो असं तो सांगत असे. चौकशी करणाऱ्यांच्या कानाला ते चेटूक वाटलं.

रोनाल्ड हटन या इतिहासकाराने २०१४ च्या लेखात नेमकं हेच मांडलं आहे की बायकांची फेरी आणि मेलेल्यांची भटकंती या मध्ययुगात वेगळ्या होत्या आणि ग्रिमने त्या एक केल्या. याउलट ओटो होफ्लरने १९३४ मध्ये टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या ‘जर्मानिया’तल्या हारी टोळीपर्यंत धागा नेला. काळ्या ढाली, रंगवलेली अंगं, अंधाऱ्या रात्री हल्ला, एवढंच टॅसिटस सांगतो. त्यातून होफ्लरने योद्ध्यांचे गुप्त पंथ उभे केले. तो नाझी विचारांशी जोडलेला होता आणि त्याला अखंड जर्मन परंपरा हवी होती. पुरावा तेवढं ओझं पेलत नाही.

खडीसाखर

आपल्याकडची वेताळाची पालखी यात बसते का? अमावास्येच्या रात्री दिवट्या, भुतांची मिरवणूक, वाटेत येऊ नये वगैरे.

शिलालेख

शेजारी ठेवून बघायला हरकत नाही, पण एकाच वंशाची म्हणू नका. वेताळ भुतांचा राजा असला तरी कोकण-गोव्यात तो गावाचा राखणदार देव आहे. रात्री गस्त घालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वाहतात. हेलेकिनला कोणी वहाणा वाहत नाही. शिकारही पालखीत नाही. जवळचं साम्य शोधायचंच तर स्पेनमधल्या गालिसियाच्या सांता कोंपान्याशी : मेलेल्यांची मेणबत्त्या घेतलेली रांग, आणि पुढे क्रूस घेतलेला गावातलाच जिवंत माणूस. तो दिवसेंदिवस खंगत जातो आणि वाटेत भेटणाऱ्याच्या हाती क्रूस दिला तरच सुटतो. उपाय म्हणजे जमिनीवर वर्तुळ काढून आत उभं राहणं किंवा हात आधीच दुसऱ्या क्रूसाने अडलेले असणं.

गवताळ

आणि द विचर? २०१५ च्या गेममुळेच बहुतेकांना हे नाव कळलं.

उत्तररात्र

सापकोव्स्कीच्या पोलिश कादंबऱ्यांत आणि त्यांवरच्या गेममध्ये हे स्वार दुसऱ्या जगातले एल्फ आहेत, माणसं पळवून नेणारे. लोकांना हा पूर्ण नवा शोध वाटतो, पण याचाही पूर्वज आहे. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या ‘सर ऑर्फिओ’ या इंग्रजी काव्यात परीराजा रानात शिकार करतो. शिंगं वाजतात, कुत्री भुंकतात, पण एकही जनावर मारलं जात नाही. याच राजाने ऑर्फिओची राणी पळवलेली असते. म्हणजे परीलोकाची शिकार ही एक चौथी धार म्हणावी लागेल, आणि हर्लाही खरं तर तिकडचाच. गेममधला बर्फ आणि हाडांची चिलखतं मात्र आधुनिक आहेत.

अ‍ॅलन गार्नरच्या १९६३ च्या कादंबरीत मुलं ऊब मिळावी म्हणून नको त्या रात्री टेकडीवर शेकोटी पेटवतात आणि शिकारी जागे होतात. मला हे अतिशय बरोबर वाटतं, कारण लोककथेत नियम असाच न कळत मोडला जातो. सुझन कूपरने १९७३ मध्ये हर्नला, म्हणजे इंग्लंडमधल्या विंडसरच्या शिकाऱ्याच्या भुताला, शिंगांचा मुखवटा देऊन शिकारीचा म्होरक्या केलं. शेक्सपिअरकडे हर्न एकटाच विंडसरच्या ओकभोवती साखळी खुळखुळवत फिरतो. टोळी त्याला एन्सवर्थच्या १८४३ च्या कादंबरीने दिली.

रानपाखरू७

वेबरचा ‘डेर फ्रायश्युत्स’ हा १८२१ चा ऑपेरा विसरू नका. दरीत सात जादूच्या गोळ्या ओतण्याचा प्रसंग : शिसं, चर्चच्या फुटक्या खिडक्यांची कुटलेली काच, थोडा पारा, आधी नेम लागलेल्या तीन गोळ्या, हुदहुद पक्ष्याचा उजवा डोळा आणि लिंक्सचा डावा. प्रत्येक गोळीला मोठ्याने आकडा म्हणायचा. पाचव्याला डोक्यावरून शिकार जाते. सहा गोळ्या हमखास लागतात, सातवी सैतानाच्या मर्जीची.

आणि चित्र. ओडिनबद्दलच्या लेखांवर हटकून लागतं ते पेटर निकोलाई आर्बोचं १८७२ चं, ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं. त्यात हातोडा उगारलेला थॉर आहे. सेतेस्दालच्या शेतकऱ्याच्या ओस्कुरेयात थॉर नसतो.

खडीसाखर

म्युनिक, साल्झबुर्गकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं काही प्रत्यक्ष बघता येईल का?

करवंदीची_जाळी

हो. साल्झबुर्गजवळ उंटर्सबर्ग डोंगराच्या पायथ्याच्या गावांत अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) दुसऱ्या गुरुवारी ‘विल्डे यागद’ निघते. ठरलेली बारा सोंगं असतात. त्यांत मृत्यू, कावळा, अस्वल आणि त्याचा दरवेशी, चेटकीण, आबफाल्टर नावाचा राक्षस. आजचं रूप दुसऱ्या महायुद्धानंतर उभं राहिलं, हे बघताना ध्यानात ठेवा. ५ डिसेंबरच्या क्रॅम्पस या शिंगाळ सोंगाशी तिची गल्लत करू नका. तो संत निकोलसबरोबर येतो आणि त्याचा या मिरवणुकीशी संबंध नाही. ५ जानेवारीला ऑस्ट्रियातल्या एबेनझे गावी पांढऱ्या कपड्यांतले ग्लोकलर डोक्यावर कागदाचे मोठे उजळलेले आकार घेऊन पळतात, तेही वेगळं. आणि दिवस मोजताना अ‍ॅडव्हेंटची सुरुवात दर वर्षी सरकते, त्यामुळे तो गुरुवार कॅलेंडर बघूनच ठरवा.